तांबडं व्हायच्या आधी

लिंबायतमधल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मला नोकरी लागली तेव्हा माझ्याकडे वनस्पतीशास्त्राची पदवी होती, आणि शिकवायला मिळालं होतं नववीचं भौतिकशास्त्र. पानं, मुळं, परागकण यांच्याबद्दल कुणी काहीही विचारलं असतं तरी मी डगमगले नसते. उष्णता, प्रकाश, वीज हे धडे मात्र मी आदल्या संध्याकाळी पाठ करायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणून दाखवायची. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही. तो एका डाइंग मिलच्या ऑफिसात होता. त्याच्या नोकरीपायी आम्ही अकोल्याहून सुरतेला आलो होतो आणि डिंडोलीत दोन खोल्या घेऊन राहत होतो. नव्वदच्या दशकातली ती सुरुवातीची वर्षं.

शाळेतली बहुतेक मुलं लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्यांची. धुळे, नंदुरबार, जळगावकडून आलेली घरं. मुलं घरी अहिराणी बोलायची, रस्त्यावर गुजराती आणि वर्गात माझ्या धाकानं माझ्यासारखं मराठी. 'शे' म्हटलं की मी 'आहे' म्हणायला लावायची. 'व्हस' म्हटलं की 'होतं', 'शेत' म्हटलं की 'आहेत', 'मनी पोर' म्हटलं की 'माझी पोर'. आपण त्यांचं भलं करतोय असंच मला तेव्हा वाटायचं.

मी अजून कायम झाले नव्हते. कायम करण्याआधी मुख्याध्यापक एकदा तास बघायला येतात, हे मला माहीत होतं. ते आले त्या दिवशी नेमका उष्णतेचा धडा होता. मी घरून विजेची शेगडी आणली होती. तिची कॉइल काळी असतानाच तापलेली असते, मग अंधूक तांबडी होते, मग नारिंगी, हे मी मुलांना दाखवलं. भट्टीतलं लोखंड याहून जास्त तापतं, म्हणून ते पिवळं आणि शेवटी पांढरं दिसतं, असं सांगून फळ्यावर चार रंग एकाखाली एक लिहिले. तास छान चालला होता. मुख्याध्यापक शेवटच्या बाकावर वही घेऊन बसले होते आणि मान हलवत होते.

तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. अंगानं बारकी, दोन घट्ट वेण्या. तिच्या मनगटांवर नेहमी बारीक काळे ठिपके असायचे. वर्षाच्या सुरुवातीला मी तिला एकदा हात धुऊन यायला सांगितलं होतं. ती धुऊन आली, ठिपके तसेच होते, आणि मी पुढे काही विचारलं नव्हतं.

"बाई, पिवळ्यानंतर हिरवा का येत नाही? इंद्रधनुष्यात तर पिवळ्यानंतर हिरवा असतो."

मला उत्तर माहीत नव्हतं. असा प्रश्न असू शकतो हेच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"ते आपल्याला अभ्यासाला नाही," मी म्हटलं. "बस."

ती बसली नाही. "आणि बाई, लोखंड तांबडं व्हायच्या आधी निळं व्हस."

"व्हस नाही. होतं."

वर्ग हसला. त्या हसण्यानं मला धीर आला, हे मला आज लिहायला हवं. मुख्याध्यापकही ओठांत हसले होते. मला तिथेच थांबता आलं असतं.

"कुठे पाहिलंस तू निळं लोखंड?"

"आमच्या घरी. आधी पिवळं होतं, मग जांभळं, मग निळं. तांबडं त्याच्यानंतर."

"तुमच्या घरी निळं होतं, मग उद्या गुलाबीही होईल. त्याची साडी नेसशील तू." पोरं बाकं बडवून हसली. मी पुढे म्हणाले, "घरात दिसतं ते विज्ञान नसतं. विज्ञान पुस्तकात असतं. आता बस खाली."

ती बसली. रडली वगैरे नाही. वही उघडून फळ्यावरचे चार रंग तिनं उतरवून घेतले. तास संपल्यावर मुख्याध्यापक जाताना म्हणाले, "वर्गावर पकड चांगली आहे तुमची."

दुसऱ्या दिवसापासून मुलं तिला 'निळी' म्हणायला लागली. मधल्या सुट्टीत माझ्या कानावर ते यायचं. मी कुणाला रागावले नाही.

दोन-तीन दिवसांनी तास सुरू व्हायच्या आधी ती टेबलापाशी आली. दप्तरातून फडक्यात गुंडाळलेली एक छिन्नी काढून तिनं माझ्यासमोर ठेवली. छिन्नीच्या धारेपाशी घासून चकचकीत केलेला भाग होता आणि त्यावर रंगांचे पट्टे होते. गव्हाच्या काडासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि त्यामागे मोराच्या मानेसारखा निळा. मी ते पट्टे पाहिले. स्पष्ट पाहिले. पुढची मुलं माना उंचावून बघत होती.

"तेलाचे डाग आहेत हे," मी म्हटलं. "आणि शाळेत हत्यार आणतात का?"

मी छिन्नी कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि वडिलांना घेऊन यायला सांगितलं.

वडील दुसऱ्याच दिवशी आले. धुतलेला पांढरा शर्ट, विंचरलेले ओले केस. फक्त हात काळे होते, नखांच्या कडांपर्यंत. नंदुरबारकडचे लोहार. लिंबायतमध्ये रेल्वेखालच्या गरनाळ्याजवळ, म्हणजे रुळांखालच्या बोगद्याजवळ, त्यांची भट्टी होती आणि लूमचे मोडके भाग ते घडवून द्यायचे. ते खुर्चीवर बसले नाहीत.

"पोरीनं छिन्नी आणली, चुकलं तिचं," ते म्हणाले. "मला विचारलं नव्हतं."

"विषय छिन्नीचा नाही. ती पुस्तकाच्या विरुद्ध बोलते. परीक्षेत असं लिहिलं तर गुण जातील तिचे."

ते म्हणाले, "पुस्तकातलं खोटं नाही, बाई. पण हे बी व्हस. तुम्ही एकदा भट्टीवर या. दहा मिनिटं लागतील."

"बघू," मी म्हटलं.

त्यांनी छिन्नी घेतली, त्याच फडक्यात गुंडाळली आणि हात जोडून गेले. 'बघू' म्हणताना मी जाणार नाही हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ते कळलं असावं.

दिवाळीआधी मला कायम केल्याचं पत्र मिळालं. घरी गोडाधोडाचं झालं. तिचा आवाज वर्गात पुन्हा ऐकू आला नाही. हजेरीला 'हजर' म्हणायची तेवढाच. आधी ती प्रत्येक तासाला काहीतरी विचारायची आणि मला धास्ती वाटायची. आता धास्ती उरली नव्हती. पण मी शिकवायला लागले की माझी नजर तिसऱ्या बाकावरून उडी मारून पुढे जायची.

जानेवारीत माझ्या विळीचं पातं बोथट होऊन त्याला दाते पडले. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, की गरनाळ्याजवळचा लोहार आपल्याकडचाच आहे, नीट करून देतो. तो कोण हे मला कळलं होतं. दुसरा लोहार शोधता आला असता. तरी एका रविवारी सकाळी मी विळी पिशवीत घालून निघाले. का निघाले ते मला नीट सांगता येत नाही. खरं काय ते एकदा बघावं असंही वाटत होतं, आणि आपलंच बरोबर निघावं असंही.

पत्र्याची शेड होती. वडील ऐरणीपाशी, आणि भट्टीच्या पंख्याची मूठ फिरवत ती बसलेली. मला बघून तिचा हात थांबला. कोळशातून दोन ठिणग्या उडून तिच्या मनगटावर पडल्या. तिनं त्या सवयीनं झटकल्या. तेव्हा मला कळलं ते ठिपके कसले होते.

"या बाई," वडील म्हणाले. त्यांनी स्टूल पुसून दिलं आणि विळी घेतली. शाळेतल्या गोष्टीचा त्यांनी विषयही काढला नाही.

पातं सोडवून त्यांनी कोळशात घातलं. ते काळं होतं, मग अंधूक तांबडं, मग लखलखीत तांबडं झालं. ठोकून सरळ केलं, पुन्हा तापवलं आणि पाण्यात बुडवलं. मोठा चर्र आवाज झाला. "हे आता काचेसारखं झालं," ते म्हणाले. "कडक, पण पडलं तर तुटेल. म्हणून थोडं नरम करायला लागतं." त्यांनी पात्याचा काठ दगडावर घासून चांदीसारखा केला. भट्टीतून लोखंडाचा एक तापलेला ठोकळा काढून त्यावर पात्याची पाठ टेकवली.

"बघा आता."

मी वाकले. आधी काहीच झालं नाही. मग पाठीकडून एक फिकट पिवळी छटा निघाली आणि सरकत सरकत धारेकडे येऊ लागली. ती गडद झाली, तपकिरी झाली, तिच्यामागून जांभळा रंग आला. त्याच्याही मागे निळा दिसायला लागला.

"काढू, आबा?" मुलीनं विचारलं. सांडशी तिच्या हातात होती.

"थांब. जांभळं धारेपर्यंत येऊ दे."

जांभळा रंग धारेला लागला आणि तिनं पातं उचलून पाण्यात घातलं. लोखंड तांबडं होण्याच्या कितीतरी आधी हे सगळं झालं होतं. उजेडी सकाळ होती, मी हातभर अंतरावर होते, आणि तेलाचा एक थेंबही कुठे नव्हता.

दोघांपैकी कुणीही माझ्याकडे 'बघितलं ना' अशा नजरेनं पाहिलं नाही. त्यांनी पातं विळीला बसवून दिलं. मी घरी आले आणि दोन दिवस त्या विळीवर काही चिरलंच नाही.

मग मी शहरातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात बसायची परवानगी मिळवली आणि तीन शनिवार तिथे गेले. उत्तर शोधायला एवढा वेळ लागला, कारण उत्तरं दोन होती आणि मी एकच शोधत होते.

विळीवरचे ते पिवळे, जांभळे, निळे रंग लोखंडाच्या स्वतःच्या उजेडाचे नसतात. घासलेलं पोलाद तापलं की हवेतला प्राणवायू त्याला धरतो आणि वर एक पापुद्रा चढतो, डोळ्याला दिसणार नाही इतका पातळ. त्या पापुद्र्याच्या वरून आणि तळातून परावर्तित होणारा प्रकाश एकमेकांत मिसळतो, काही रंग दबतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसे. उष्णता वाढते तसा पापुद्रा जाड होतो आणि रंग बदलतो. हे सगळं लोखंड स्वतः उजळायच्या आधी होतं. ती म्हणाली होती ते शब्दशः खरं होतं.

मी सांगितलं होतं ती दुसरी गोष्ट, आणि तीही खरी होती. तापलेली प्रत्येक वस्तू आपल्या आतल्या हालचालीतून किरणं बाहेर टाकत असते. कमी तापलेली असताना ती किरणं डोळ्यांना दिसत नाहीत, त्वचेला नुसती धग लागते. म्हणून काळी कॉइलही भाजते. उष्णता वाढली की किरणं वाढतात, आणि त्यांच्यात दिसणाऱ्या प्रकाशाची भर पडू लागते. तांबडा पहिला, कारण त्याला सगळ्यांत कमी उष्णता पुरते. मग त्यात पिवळा मिसळतो, मग हिरवा, मग निळा. हिरव्याची पाळी येते तेव्हा तांबडा आणि पिवळा आधीपासून भरपूर असतात, त्यामुळे एकटा हिरवा कधी दिसतच नाही. सगळे मिळून पांढरं दिसतं. तिच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. ग्रंथालयातल्या त्या बाकावर मला पहिल्यांदा भौतिकशास्त्र समजलं असं वाटलं, आणि त्याच वेळी स्वतःची इतकी शरम वाटली की मी पुस्तक मिटून तशीच बसून राहिले.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी तिला जिन्यात गाठलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. ते बघूनच मी थांबले होते.

"तुझं बरोबर होतं," मी म्हटलं. "निळ्याचं. आणि हिरव्याचा प्रश्नही फार चांगला होता." मग वाचलेलं सगळं तिला सांगितलं. ती कठड्याला टेकून ऐकत राहिली. साबणाच्या फुग्याचं सांगितलं तेव्हा तिचा चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला.

"म्हणजे घासलं नसतं तर रंग दिसला नसता? म्हणून आबा आधी घासतात?"

"हो. म्हणूनच."

मग ती म्हणाली, "बाई, वर्गात सांगाल?"

"सांगेन."

"कधी?"

"या आठवड्यात."

त्या आठवड्यात मी सांगितलं नाही. बुधवारी तासाला उभी राहिले, खडू हातात घेतला, आणि दारावरून मुख्याध्यापक गेले. मी चाचणीच्या तारखा सांगितल्या. पुढच्या आठवड्यात प्रकाशाचा धडा होता, तिथे हे अगदी बसलं असतं. मी सुरुवातही केली. 'मागे आपण एक गोष्ट बोललो होतो' असं म्हटलं, सगळी मुलं बघायला लागली, तिनं मान वर केली, आणि मी आरशाच्या नियमांकडे वळले. चूक कबूल केली तर उद्या प्रत्येक गोष्टीवर हात वर होतील, असं मी मनाला सांगत होते. खरं कारण इतकं मोठं नव्हतं. ज्या मुलांना मी तिच्यावर हसवलं होतं, ती माझ्यावर हसतील याची मला भीती वाटत होती. वार्षिक परीक्षा आली. तिनं उत्तरपत्रिकेत माझे चार रंग माझ्या क्रमानं लिहिले होते. मी पूर्ण गुण दिले.

दहावीला तिचा वर्ग दुसऱ्या शिक्षकांकडे गेला. निकाल लागल्यावर ती पेढे घेऊन शिक्षकांच्या खोलीत आली. सगळ्यांना दिले, मलाही दिला, वाकून नमस्कार केला. खोलीत मुख्याध्यापक होते, आणखी चारजण होते. मी "शाब्बास" म्हटलं. ती हसली आणि गेली.

त्यानंतर दीडेक वर्षानं कुकरची मूठ ज्या पट्टीवर बसते ती पट्टी तुटली, म्हणून मी पुन्हा त्या शेडमध्ये गेले. वडील एकटेच होते. पंखा आता विजेवर चालत होता. मला बघताच त्यांनी समोरच्या टपरीवरून चहा मागवला.

"पोर नंदुरबारला, मामाकडे असते," ते म्हणाले. "बारावी करतेय. आर्ट्स घेतलं. मी म्हटलं सायन्स घे, तर नको म्हणाली."

मी पिशवीतून तुटलेली पट्टी काढून त्यांच्यापुढे ठेवली.

"बाई, एक गोष्ट तुम्हाला कधी सांगता आली नाही." त्यांनी हातोडा खाली ठेवला. "तुम्ही सगळ्या वर्गासमोर सांगितलं ना, की मनी पोर बरोबर होती आणि बाई चुकली. तिनं त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं. म्हणाली, आबा, बाईंनी फळ्यावर लिहून दाखवलं. कोण करतं असं? तोपर्यंत मी रागात होतो तुमच्यावर, खोटं कशाला बोलू? तिनं सांगितलं आणि राग गेला. गावाकडे पण मी सगळ्यांना हेच सांगतो."

चहा माझ्या हातात होता. फार गरम होता, तरी मी तो घोटाघोटानं पीत राहिले, कारण तोंड रिकामं झालं असतं तर काहीतरी बोलावं लागलं असतं. तिनं कुठल्या दिवशी ते सांगितलं असेल याचा मी हिशेब लावत होते. मी 'या आठवड्यात' म्हटलं त्या आठवड्यात? की वाट बघून कंटाळल्यावर? आणि कुणासाठी? बापाचा राग जावा म्हणून, की माझी लाज राखायला?

'असं झालंच नाही' एवढे तीन शब्द होते. मी ते उच्चारले नाहीत. कप ठेवला आणि म्हटलं, "हुशार होती तुमची मुलगी."

"अजून शे," ते म्हणाले.

घरी येऊन मी तिला पत्र लिहिलं. पत्ता तिच्या वर्गातल्या एका मुलीकडून मिळाला. चार वेळा लिहून फाडलं. शेवटी जे टाकलं त्यात सरळ लिहिलं की मी शब्द दिला आणि पाळला नाही, तुझ्यावर वर्गाला हसवलं ते स्वतःला वाचवायला, आणि तू घरी जे सांगितलंस ते आज मला कळलं. आबांना खरं सांगायची माझी तयारी आहे, असंही लिहिलं. तयारी खरंच होती की नाही, ठाऊक नाही.

तिचं उत्तर महिन्यानं आलं. पोस्टकार्ड होतं, म्हणजे कुणीही वाचू शकलं असतं, म्हणून तिनं बेतानं लिहिलं होतं. 'बाई, पत्र मिळालं. मी रोज वाट बघायची, हे खरं आहे. मग बघायची सोडली. आबांना काही सांगू नका, त्यांना तुमच्याबद्दल चांगलं वाटतं, ते तसंच राहू द्या. आर्ट्स मी माझ्या मनानं घेतलं, तुमच्यामुळे नाही. इथे मामाचा मुलगा नववीत आहे, त्याला मी विज्ञान शिकवते. त्याला फुग्याचं सांगितलं. परीक्षा मार्चमध्ये आहे. आबांचे डोळे भट्टीमुळे दुखतात, तुमच्या ओळखीचे डॉक्टर असतील तर त्यांना घेऊन जाल का?'

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रिक्षात ते माझ्या शेजारी अंग चोरून बसले होते. डॉक्टरांनी नाव विचारलं आणि मी त्यांची कोण, असंही विचारलं. मी काही बोलायच्या आत त्यांनीच उत्तर दिलं, "मन्या पोरीच्या बाई शेत," आणि ते इतक्या अभिमानानं म्हणाले की मी खिडकीबाहेर बघत बसले.